दुसऱ्या बाटलीतला वास

दरवर्षी गॅदरिंगच्या आसपास जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजातून फोन येतो. "मॅडम, मुलांना तुमच्या क्षेत्राबद्दल दोन शब्द सांगा." दूषित झालेली माती आणि पाणी पुन्हा वापरण्याजोगं करणं हे माझं क्षेत्र. मी जाते, शाल-नारळ घेते, चार फोटो दाखवते. पुढच्या रांगेतला कुणीतरी पॅकेज विचारतो, मागच्या रांगेतली एखादी मुलगी विचारते की उन्हात किती फिरावं लागतं. दोन्हीची मी खरी उत्तरं देते, त्यामुळे त्यातलं सहसा कुणी आमच्याकडे येत नाही.

शेवटी प्राचार्य विचारतात, "तुम्ही या लाइनमध्ये कशा आलात?" मी सांगते, "बाटलीचा वास घेऊन." सगळे हसतात आणि कार्यक्रम संपतो. ती थट्टा नव्हती हे तिथं सांगत बसत नाही.

खामगावात कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात, लाकडी जिना चढून वर, दोन खोल्यांत, ज्यांच्याकडे मी हे काम शिकले त्या सरांचं ऑफिस होतं. खाली पत्र्याची पाटी होती, 'माती-पाणी दुरुस्ती'. सरांनी ती स्वतः रंगवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. आठवड्यातून एकदा तरी कुणी शेतकरी जळलेली मोटर खांद्यावर घेऊन जिना चढून येई. सर त्याला बसवत, मोटर कुठल्या दुकानात न्यायची ते सांगत आणि मग विचारत, "मोटर जाऊ दे, पाणी कसं आहे विहिरीचं? पह्यले होतं तसंच हाये का?" कुठल्या गावात कुठलं पाणी बदललं ही अर्धी माहिती सरांना अशी मोटरवाल्यांकडून मिळे. मी एकदा पाटी बदलू या म्हणाले तर म्हणाले, "काऊन बदलू? चांगली चालून राह्यली."

साथीच्या नंतरच्या वर्षी मी त्यांच्याकडे मुलाखतीला गेले. सरांचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. अंगात खिसेवाला शर्ट, पायात रबरी चपला. माझी गुणपत्रिका त्यांनी उलटी धरली, बाजूला ठेवली आणि टेबलावर लोणच्याच्या तीन जुन्या बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत मूठभर माती होती.

"वास घे आणि सांग."

पहिलीत डिझेल होतं, ते कुणीही सांगितलं असतं. तिसरीत कुबट, तेलकट काहीतरी होतं. आमच्या घरामागे तेलाची मिल होती, म्हणून मी म्हणाले, "भिजलेली सरकीची पेंड." दुसरीत मला काही सापडेना. मी झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"दुसरीत काही नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

सरांनी बाटल्या उचलून खिडकीत ठेवल्या. "तुझ्याआधी सहा जण येऊन गेले. त्या दुसऱ्या बाटलीत कोणाले फिनेल लागलं, कोणाले युरिया. काही नाही तर काही नाही असं सांगाले लोक भेतात. सोमवारपासून ये."

सहा जणांना मागं टाकल्याचा मला फार आनंद झाला. घरी वडिलांनी, ते कोर्टात कारकून होते, विचारलं, "पण काम काय गं नक्की?" मी म्हटलं, सांडलेलं उचलायचं. आईनं शेजारी सांगितलं की मुलगी पाण्याच्या खात्यात लागली. स्थळं येत तेव्हा ती हेच सांगायची.

सरांना गावोगावचे लोक 'वासवाले साहेब' म्हणत. मशीन लावायच्या आधी सर नुसत्या मातीवरून सांगत की इथं काय मुरलंय आणि ते किती जुनं आहे, अशी त्यांची ख्याती होती. मी पाहिलं ते असं: बादली वर आली की सर तिच्यावर वाकत, डोळे मिटून तीन लांब श्वास घेत आणि मग माझ्याकडे वळत. "आधी तू सांग." मी सांगत असे. ते मान हलवत. मला वाटे, काय शिकवायची पद्धत आहे, पोरीला आधी बोलू देतात.

त्यांची नमुन्यांची पेटी एका कुल्फीवाल्याकडून घेतलेली होती. आत बर्फात पाण्याच्या बाटल्या आणि बाहेर लाल अक्षरांत 'मटका कुल्फी'. ती पेटी घेऊन आम्ही खामगावहून छोट्या रेल्वेगाडीनं जलंबला जायचो आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत. डब्यात पोरं मागं लागत. सर अक्षरं खरवडायला तयार नव्हते. कुल्फीची पेटी कुणी चोरत नाही, नुसती उघडून पाहतात आणि निराश होतात, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी खोड लोकांना फार लागायची. काम चालू असलेल्या गावात सर पाण्याचा थेंब घेत नसत. आपल्याकडे घरात आलेल्या माणसापुढे आधी तांब्या येतो. सर तो हातानं मागं सारत आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढत. बायकांची तोंडं उतरत. "राग नका मानू, बाई. काम झालं म्हणजे तुमच्याच हातचं पेईन," सर म्हणत. आणि काम झालं की खरंच पीत. आधी पाणी, मग सही. कागदावरच्या सहीपेक्षा गावकरी त्या पाणी पिण्यालाच जास्त मानत.

तिसरी खोड म्हणजे त्यांचा नियम. विहिरीचं पाणी एकदा वर चढलेलं पाहायचं आणि एकदा खाली गेलेलं पाहायचं, त्याशिवाय सही नाही. चढलेलं पोळ्याला, उतरलेलं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. क्लायंट घायकुतीला आला की सर अगदी शांतपणे म्हणत, "सांडाले एक दिवस लागला का नाही? उचलाले वर्ष लागन. घाई असली तर दुसरा पाहा." दुसरा कुणी आसपास नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हा नियम सरांनी माझ्यादेखत एकदाच मोडला.

वडनेर भोलजीच्या अलीकडे रस्त्यावर एक पेट्रोल पंप होता. आता तो बंद आहे. त्याची जमिनीखालची डिझेलची टाकी गळाली, आणि पंपामागच्या गावात एका काकूंच्या विहिरीला वास यायला लागला. तो भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरी खूप, पण पाणी तोंडात धरवत नाही. काकूंची तेवढी एक विहीर गोड्या पाण्याची होती. सासऱ्यांनी दोन ठिकाणी खारं लागल्यावर तिसऱ्या ठिकाणी ती खणली होती आणि सगळी आळी तिच्यावर पाणी भरायची. ती बंद झाली आणि आळीत कॅनचं पाणी सुरू झालं.

काकू एकट्या राहत. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. आम्ही विहिरीभोवती भोकं पाडून पाइप उतरवले, वर तरंगणारं डिझेल ओढून काढलं, मातीत हवा सोडली. काकू रोज ओट्यावर बसून पाहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "साहेब, आखाजीले घागर भरा लागते. मांगच्या साली मामंजीची घागर कॅनच्या पाण्यानं भरली. ज्यानं हीर खंदली त्याले कॅनचं पाणी देल्लं मी. मले जेवण गेलं नाही त्या दिवशी."

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांसाठी मातीची नवी घागर भरतात, वर आंबा ठेवतात, आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. काम दिवाळीनंतर सुरू झालंय आणि पोळा अजून पाहायचाय, हे सर त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले.

आखाजीच्या चार दिवस आधी नागपूरचा अहवाल आला. सगळे आकडे मर्यादेच्या आत. सरांनी तो तीनदा वाचला. "कागद तर हो म्हणून राह्यला," ते म्हणाले. "वास नसला तर सही देऊन टाकू तिले."

आदल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. काकूंनी ओटा सारवला होता. नवी घागर विहिरीच्या कठड्याशी आणून ठेवली होती. आळीतल्या पाच-सहा बायका डोक्यावर पदर घेऊन लांब उभ्या होत्या. बादली वर आली. सर वाकले, डोळे मिटून तीन श्वास घेतले आणि माझ्याकडे वळले.

मी वाकले. पहिल्या श्वासाला आला. फार थोडा, गॅरेजच्या दारावरून गेल्यावर येतो तेवढा. दुसऱ्या श्वासाला मला तो सापडेना. मी मान वर केली तर काकू माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांचा हात घागरीच्या गळ्यावर होता.

"नाही, सर," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

काकूंनी लोटा भरून दिला. सर उभ्यानं प्यायले, कठड्यावरच कागद ठेवून सही केली. काकूंनी घागर भरली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी स्वतःला सांगितलं की अहवाल चांगला आहे आणि उरलेला वास काय, चार दिवसांत उडून जाईल. येताना जीपमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसले.

पोळ्याच्या आधी काकूंचा फोन आला. "साहेब, पाणी वर आलं आन् वास बी आला."

डिझेल पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा ते मधल्या रेताड थराला चिकटून बसतं, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की सुटून वर येतं. सरांचा नियम होता तो यासाठी. आम्ही गेलो तर बादली कठड्यावर ठेवताच माझं डोकं धरलं. सर वाकले, तीन श्वास घेतले आणि काकूंना म्हणाले, "बाई, माझं नाक चुकलं. मी सही केली. गुन्हेगार मी आहे." आळीतला एक माणूस सरांना नाही नाही ते बोलला. सर ऐकत उभे राहिले. मी शेजारी बादलीची दोरी गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा जिना चढताना करपलेल्या दुधाचा वास आला. वर पोहोचेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. शेगडीवर पातेलं काळं पडलं होतं, धूर खिडकीतून बाहेर जात होता, आणि सर त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, चष्मा लावून जुना अहवाल वाचत होते.

"सर, दूध."

"काय झालं दुधाले?" ते वळले आणि पातेलं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शेगडी बंद केली.

"कधीपासून, सर?"

"साथीत गेला वास," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणे येईन. आज येते, उद्या येते करता करता तिसरं साल लागलं. चवबी तशीच. मीठ जीभेले कळते, बाकी सगळा भुसा."

मी खाली बसले. बादलीवर वाकणं, तीन श्वास, "आधी तू सांग," सगळं एका क्षणात माझ्यापुढे आलं. आयुष्यभर एकट्यानं काम केलेल्या माणसानं साथीनंतरच्याच वर्षी मदतनीस का शोधला आणि मुलाखतीला बाटल्या का मांडल्या, तेही कळलं. मला राग आला. त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी खोटं बोलले नसते, असं मी त्यानंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मी तरीही बोलले असते, कारण काकूंचा हात घागरीवर होता.

"सर, आखाजीला वास आला होता."

ते पातेलं घेऊन मोरीत गेले. राख घेऊन घासायला लागले.

"किती?"

"थोडा. पहिल्या श्वासाला. नंतर गेला."

"नंतर जातच असते. नाक सवय करून घेते. पह्यल्या श्वासाले आलं तेच खरं." त्यांनी पातेल्यावर पाणी ओतलं. "मीबी पोळा पाह्यला नाही. मलेबी तिची घागर भरायची होती. अन् नाक नाही हे सांगाची लाज वाटली. सगळा जिल्हा वासवाला साहेब म्हणते ना बाप्पा."

मी म्हणाले, मी नोकरी सोडते.

"सोड. मंग नाक कोणाचं आणू?" पातेलं धुऊन त्यांनी पुन्हा शेगडीवर ठेवलं. "जा, दूध आण. अन् उद्या डबा घेऊन ये, काम लंबं आहे."

मी राहिले. त्यानंतर सरांनी लपवणं सोडलं, आणि सोडलं ते पूर्णच. कुठल्याही गावात गेलं की पारावर पहिल्यांदा सांगत, "माझं नाक गेलं आहे. हे आमचं नाक," आणि माझ्याकडे बोट करत. म्हातारे मला निरखून पाहत. एकानं विचारलं, "पगारी आहे का?" सर म्हणाले, "हाव, पण सर्दी झाली का सुट्टी." वासवाले साहेब हे नाव मात्र काही सुटलं नाही. आता ते पिंपळगाव राजाला आपल्या घरी असतात, लिंबाची कलमं बांधतात, आणि मोटर जळलेली माणसं अजून त्यांना फोन करतात.

काकूंच्या विहिरीवर आम्ही पुन्हा पहिल्यापासून लागलो. रेताड थरात जास्त खोल पाइप उतरवले. मधे एक आखाजी आली. त्या सकाळी मी खामगावहून घरच्या पाण्याच्या दोन कळशा घेऊन एकटीच बसनं गेले. काकूंनी काही न विचारता त्यांतलं पाणी घागरीत ओतलं. नैवेद्य झाल्यावर मला वाढायला बसल्या तेव्हा मी म्हणाले, "काकू, सरांचं नाक चुकलं नव्हतं. त्यांना वासच येत नाही. त्या दिवशी वास मला आला होता आणि मी नाही म्हणाले."

काकूंनी माझ्या ताटात रस वाढला. मग वाटी खाली ठेवली.

"मलेबी आला होता, माय," त्या म्हणाल्या. "बादली मीच वढली ना. तू नाही म्हटलं, मले बरं वाटलं. अन् तसल्या पाण्यानं मामंजीची घागर भरली मी. कॅनचं पाणी तरी साजरं होतं त्याहून."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मग त्या म्हणाल्या, "खाय. पोळी गार होऊन राह्यली."

पुढचा पावसाळा आला. पोळ्याला पाणी कठड्यापासून चार हातांवर आलं. वास आला नाही. नागपूरचा अहवाल स्वच्छ आला. सर म्हणाले, "आखाजी पाहू." या वेळी काकूच म्हणाल्या, "पाहा साहेब, घाई नाही."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. पाणी खोल गेलं होतं. नवी घागर या वेळी काकूंनी घरातच ठेवली होती, बाहेर आणली नव्हती. बादली वर आली. सर बादलीवर वाकले नाहीत, कठड्याला टेकून उभे राहिले. मी वाकले, एक श्वास घेतला आणि उठून रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जाऊन उभी राहिले. नाक मोकळं झाल्यावर परत आले, पुन्हा पहिला श्वास. असं तीनदा केलं. आळीतल्या बायका वाट पाहत होत्या. मग काकू वाकल्या. त्यांनीही निंबापर्यंत जाऊन येऊन पुन्हा वास घेतला.

"नाही," काकू म्हणाल्या.

"नाही, सर," मी म्हणाले.

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तरही तयार होतं. सरांनी काकूंच्या हातातून लोटा घेतला, मान वर केली आणि तळापर्यंत पाणी प्यायले. 'नक्की?' असं त्यांनी या वेळी विचारलं नाही.